विल्यम पेनच्या गावात, लेकराबाळांसह

न्यू जर्सीतल्या मराठी घरात भारतातून आई-बाबा आले, की फिरण्याची एक ठरलेली यादी बाहेर येते. नायगारा, न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता, वॉशिंग्टनचं व्हाइट हाउस. मुलांना सुट्टी असेल आणि खिशाला परवडत असेल तर फ्लोरिडातलं डिस्ने. फिलाडेल्फिया या यादीत बहुधा नसतं. ते फार जवळ आहे, हाच त्याचा दोष. एडिसनहून साठेक मैल. केव्हाही जाता येईल म्हणून कधीच जाणं होत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ मध्ये ज्या खोलीत मंजूर झाला आणि १७८७ मध्ये जिथे देशाची राज्यघटना तयार झाली, ती खोली तासा-सव्वातासाच्या अंतरावर असते आणि तिथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना ती फक्त पाठ्यपुस्तकातून माहीत असते.

माझा भाऊ तिकडे राहतो. एका उन्हाळ्यात माझी आई आणि मी त्याच्याकडे होतो, आणि फिलाडेल्फियाचा बेत ठरला तो आईच्या हट्टामुळे; तिचं कारण पुढे येईलच. बरोबर वहिनी, दहा वर्षांची भाची आणि सहा वर्षांचा भाचा. निघायच्या आदल्या रात्री भावाने संगणकावर माहिती चाळली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, घंटा बघू, आइस्क्रीम खाऊ, रॉकीच्या पायऱ्या चढू. ते गुलामांबिलामांचं आत्ता नको. मोठी झाली की कळेल त्यांना."

मुलांना घेऊन ऐतिहासिक गाव बघायला निघालेल्या प्रत्येक घरात ही वाटाघाट होते. आपल्याकडेही होते. किती सांगायचं, किती गाळायचं, कुठे घाईने पुढे सरकायचं, हे मोठ्यांनी आधी ठरवलेलं असतं. फिलाडेल्फियाची गंमत अशी, की हे गाव मोठ्यांचं हे वेळापत्रक फारसं चालू देत नाही.

झाडांच्या नावांचे रस्ते

या गावाच्या जुन्या भागात मूल हरवत नाही, उलट तेच मोठ्यांना वाट दाखवतं. त्याचं श्रेय विल्यम पेनला. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे पेनच्या वडिलांचं मोठं येणं होतं. त्या हिशेबात राजाने १६८१ मध्ये अमेरिकेतला एक प्रचंड मुलूख सनद लिहून पेनच्या नावे केला. पेन क्वेकर पंथाचा. धर्मावरून कुणाचा छळ होणार नाही असं गाव त्याला वसवायचं होतं. लंडनला १६६५ मध्ये प्लेगने आणि १६६६ मध्ये आगीने कसं ग्रासलं, हे त्याच्या पिढीने पाहिलेलं होतं. म्हणून १६८२ मध्ये गावाची आखणी झाली ती सरळ, रुंद रस्त्यांची, घरांभोवती मोकळी जागा सोडणारी, आणि पाच चौक राखून ठेवणारी. उत्तर-दक्षिण रस्त्यांना डेलावेअर नदीपासून चढते आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. आकडे येणाऱ्या आणि चार नावं वाचता येणाऱ्या पोराला एवढं पुरतं. कागदी नकाशा आम्ही भाचीच्या हातात दिला. स्टेशनवरून ती जी पुढे झाली ती दिवसभर पुढेच राहिली.

पेनचा पुतळा सिटी हॉलच्या मनोऱ्यावर आहे. पुतळाच सदतीस फूट उंच. पेनच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही, असा एक अलिखित रिवाज या शहराने दीर्घकाळ पाळला. १९८७ मध्ये 'वन लिबर्टी प्लेस' या इमारतीने तो मोडला, आणि त्यानंतर शहराच्या मोठ्या संघांना वर्षानुवर्षं एकही अजिंक्यपद मिळेना. लोक म्हणू लागले, पेनबाबाचा शाप लागला. शेवटी २००७ मध्ये त्याहून उंच 'कॉमकास्ट सेंटर' उभं राहत होतं तेव्हा बांधकामाच्या लोकांनी सगळ्यात वरच्या तुळईवर पेनची एक चिमुकली मूर्ती चिकटवली. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, फिलीज संघाने बेसबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली. आई हे ऐकून म्हणाली, "म्हणजे इथेही नवस फेडतात." भाचा दिवसभर प्रत्येक उंच इमारतीकडे बोट दाखवून विचारत राहिला, "ही टोपीच्या वर आहे?"

पेनच्या घराण्याची दुसरी गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. ही जमीन लेनापे लोकांची होती. पेनने त्यांच्याशी बोलणी करून, मोबदला देऊन व्यवहार केले. त्याच्या मुलांनी मात्र १७३७ मध्ये एक जुना करार पुढे केला: माणूस दीड दिवसात जेवढं चालेल तेवढी जमीन आमची. लेनापे समजले, माणूस चालेल, दमेल, बसेल, जेवेल. पेनच्या मुलांनी रान तोडून वाट आधीच मोकळी करून ठेवली आणि तीन तगडे गडी पळवले. दोघे वाटेत गळाले, तिसरा साठ मैलांच्याही पुढे पोचला. लेनापेंची जमीन गेली. ही गोष्ट मी दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्याच्या मध्ये कुठे तरी सांगितली. शर्यतीत कोण चीटिंग करतं, हे सहा वर्षांच्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एवढीच खोली?

इंडिपेन्डन्स हॉल चेस्टनट रस्त्यावर, पाचव्या आणि सहाव्या रस्त्यांच्या मध्ये. लाल विटांची देखणी, बेताची इमारत. मुळात पेन्सिल्व्हेनिया प्रांताचं सभागृह. १९७९ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आत जायला तिकीट मोफत, पण वेळ आधी राखावी लागते आणि त्यासाठी माणशी एक डॉलर पडतो. उन्हाळ्यात ही वेळ आयत्या वेळी मिळेल या भरवशावर कुणी राहू नये. सुरक्षा तपासणीची रांग वेगळी. लहान मुलं बरोबर असतील तर अर्धा तास तरी हाताशी ठेवावा.

आत नेतात ते राष्ट्रीय उद्यान खात्याचे रेंजर. हिरवट-करडा गणवेश, रुंद काठाची सपाट टोपी. आमच्या गटाला मिळालेल्या रेंजरबाईंना मुलांशी बोलायचं कसं हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी तारखा सांगण्याआधी विचारलं, "तुमच्या वर्गात सगळ्यांचं एका गोष्टीवर कधी एकमत होतं का?" मुलं हसली. मग त्यांनी खोली दाखवली: हिरव्या कापडाची टेबलं, बोरू, मेणबत्त्या, आणि समोर अध्यक्षांची उंच पाठीची खुर्ची. इथलं बहुतेक सामान त्या काळातलं पण दुसरीकडून आणलेलं आहे. ही खुर्ची मात्र अस्सल. १७८७ च्या घटना परिषदेत जॉर्ज वॉशिंग्टन हिच्यावर बसले होते. पाठीवर अर्धा सूर्य कोरला आहे. तो उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस ठरवता येत नव्हतं, आता कळलं की तो उगवता आहे, असं परिषदेच्या शेवटी बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले, तो हाच सूर्य.

"एवढीच खोली?" भाचीने विचारलं. तिच्या शाळेची कॅफेटेरिया याहून मोठी आहे. मला तिचं आश्चर्य पटलं. छप्पन्न जणांनी सही केलेला जाहीरनामा, ४ जुलैला मंजूर झालेला आणि बहुतेकांनी २ ऑगस्टला सही केलेला, एका मध्यम आकाराच्या खोलीत, उकाड्यात, वाद घालत तयार झाला. शाळेच्या पुस्तकात तो एका दिवसात झालेला असतो.

जाहीरनाम्याचा मसुदा थॉमस जेफरसनने लिहिला तो इथून जवळच, मार्केट आणि सातव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर भाड्याने घेतलेल्या खोल्यांमध्ये. ते घर पुढे पाडलं गेलं. आज दिसतं ते १९७० च्या दशकात पुन्हा बांधलेलं. सगळी माणसं समान जन्मतात असं जेफरसन लिहीत होता तेव्हा त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तो जेफरसनच्या मालकीचा गुलाम, आणि नात्याने जेफरसनच्या बायकोचा सावत्र भाऊ. मी हे सांगताना भावाने माझ्याकडे पाहिलं, पण मला थांबवलं नाही. "चौदा म्हणजे माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा," एवढंच भाची म्हणाली. तिच्या वयाचा हिशेब तिनेच केला होता.

घंटेच्या दारात

लिबर्टी बेल समोरच्याच मैदानात, काचेच्या इमारतीत आहे. प्रवेश मोफत. १७५१ मध्ये लंडनला नोंदवलेली ही घंटा १७५२ मध्ये आली आणि पहिल्याच टोल्याला तडकली. पास आणि स्टो या गावातल्याच दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. वजन २,०८० पौंड, म्हणजे साडेनऊशे किलोंच्या जवळपास. पुढे तिला पुन्हा बारीक तडा गेला. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवायची म्हणून दुरुस्ती काढली: तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून फटच मुद्दाम रुंद केली. आज सगळे जिच्याबरोबर फोटो काढतात ती रुंद फट म्हणजे ही दुरुस्ती. घंटेला कायमचं मुकं करणारा तडा वेगळाच, त्या फटीच्या टोकापासून वर गेलेला, केसासारखा बारीक. तो शोधायचं काम मुलांना दिलं तर ती घंटेपाशी दहा मिनिटं सहज रमतात.

तिला लिबर्टी बेल हे नाव स्वातंत्र्ययुद्धात मिळालेलं नाही. ते १८३० च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी दिलं. तिच्यावर बायबलमधलं जे वचन कोरलं आहे ते सर्व रहिवाशांना मुक्ती जाहीर करण्याचं आहे. त्यातल्या 'सर्व' या शब्दाचा हिशेब त्यांनी देशाकडे मागितला.

आणि या इमारतीच्या दारातच भावाचं वेळापत्रक कोलमडलं. सहाव्या आणि मार्केट रस्त्याच्या कोपऱ्यावर, घंटेकडे जाणाऱ्यांच्या वाटेतच, विटांच्या अर्ध्या-मुर्ध्या भिंती उभ्या आहेत. फिलाडेल्फिया १७९० ते १८०० या काळात अमेरिकेची राजधानी होती. तेव्हा राष्ट्राध्यक्ष राहायचे ते घर इथे होतं. १७९० ते १७९७ वॉशिंग्टन इथे राहिले आणि त्या काळात त्यांनी नऊ गुलाम या घरात ठेवले. शतकभरापेक्षा जास्त काळ या गोष्टीचा कुठे उल्लेख नव्हता. घंटेची नवी इमारत बांधायला घेतली तेव्हा इतिहासकारांनी आणि शहरातल्या कृष्णवर्णीय नागरिकांनी आवाज उठवला. २००७ मध्ये उत्खनन झालं, घराचा पाया सापडला, आणि २०१० च्या डिसेंबरात हे स्मारक खुलं झालं. या जागी काय सांगावं यावरचा वाद अजूनही मिटलेला नाही. भिंतीत नऊ नावं कोरली आहेत: ऑस्टिन, पॅरिस, हर्क्युलिस, ख्रिस्तोफर शील्स, रिचमंड, जाइल्स, ओनी जज, मोल आणि जो.

भाचीने ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हे कोण?" उत्तर द्यावंच लागलं.

पेन्सिल्व्हेनियात १७८० साली गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करणारा कायदा झाला होता. बाहेरून आलेल्या मालकाने गुलामाला सलग सहा महिने इथे ठेवलं, तर तो गुलाम स्वातंत्र्य मागू शकत असे. वॉशिंग्टन आपल्या गुलामांना सहा महिने भरण्याआधी राज्याबाहेर पाठवत आणि पुन्हा आणत. ओनी जज ही मार्था वॉशिंग्टनची खास दासी, शिवणकामात तरबेज, वय बाविशीच्या आसपास. मार्थाबाईंच्या नातीच्या लग्नात आपल्याला आहेर म्हणून देणार, हे तिला कळलं. २१ मे १७९६ च्या संध्याकाळी घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती बाहेर पडली ती परतली नाही. शहरातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांनी तिचं सामान आधीच हलवलं होतं. जहाजाने ती न्यू हॅम्पशरला पोचली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलर देऊ, अशी जाहिरात निघाली. वॉशिंग्टननी माणसं पाठवली, पण ती हाती लागली नाही. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या नजरेत ती फरारीच होती.

"पण तिने तर काही चोरलं नव्हतं ना?" भाच्याने विचारलं. मग लगेच, "बोटीत तिला जेवायला मिळालं का?" भाचीला सगळ्यात आवडली ती वेगळीच गोष्ट: ज्या कप्तानाने ओनीला जहाजावर घेतलं त्याचं नाव, त्याला शिक्षा होऊ नये म्हणून, तो जिवंत असेपर्यंत तिने कुणाला सांगितलं नाही. "मलापण सिक्रेट ठेवता येतं," भाची म्हणाली. भाऊ तेव्हा भिंतीला टेकून उभा होता. तो खाली बसला, भाच्याला मांडीवर घेतलं आणि 'मालक' म्हणजे काय हे स्वतःच्या शब्दांत सांगू लागला. त्या दिवसातलं ते सगळ्यात चांगलं मराठी होतं.

मला तिथे जोतीराव आठवले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं आणि गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. तरुणपणी त्यांच्यावर ज्या पुस्तकाचा ठसा उमटला ते 'राइट्स ऑफ मॅन' थॉमस पेनचं. हा पेन निराळा, गाव वसवणाऱ्याचा नातलग नव्हे. त्याचं 'कॉमन सेन्स' हे पुस्तक जानेवारी १७७६ मध्ये या गावातच छापलं गेलं आणि इंग्लंडच्या राजापासून फारकत घ्यायला वसाहतींची मनं त्याने तयार केली. पुण्यातल्या एका माणसाने या गावातल्या वादांचं मर्म दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आम्ही तिथे जरा उशिराच पोचलो होतो.

बाकांवरचा इतिहास

दुपारच्या जेवणाला रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासूनचा हा बाजार एका जुन्या रेल्वे स्टेशनच्या फलाटांखाली भरतो. आमिश बायका पांढऱ्या टोप्या घालून प्रेट्झेल वळतात, शेजारी मासे, मध, पाय, लोणची. शाकाहारी मुलांसाठी लोण्यात माखलेलं गरम प्रेट्झेल हे या शहराने केलेलं पुण्यकर्म आहे. इथला प्रसिद्ध चीजस्टेक गोमांसाचा असतो. चालत नसेल त्यांनी मागताना विचारून घ्यावं, कोंबडीचा आणि अळंब्यांचाही बऱ्याच ठिकाणी मिळतो.

नंतरचा वेळ फ्रँकलिनचा. १७२३ मध्ये, सतराव्या वर्षी, घरून पळालेला हा पोरगा नदीवर उतरला आणि त्याने तीन मोठे पाव विकत घेतले. दोन काखांत, तिसरा खात मार्केट रस्त्याने निघाला. पुढे जिच्याशी त्याचं लग्न झालं ती मुलगी दारात उभी राहून हे ध्यान पाहत होती. या पोराने पुढे १७३१ मध्ये सभासदांच्या वर्गणीचं वाचनालय, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्यांची टोळी, १७५१ मध्ये इस्पितळ अशा एकेक गोष्टी उभ्या केल्या. त्याचं घर १८१२ मध्ये पाडलं गेलं. १९७६ मध्ये ती जागा सजवताना वास्तुरचनाकार रॉबर्ट वेंचुरी यांच्यापुढे प्रश्न होता: घर नेमकं कसं दिसायचं हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी मग खोटं घर बांधलंच नाही. पांढऱ्या पोलादी पट्ट्यांनी हवेत घराची नुसती बाह्यरेषा काढली आणि खाली जमिनीत झरोके ठेवले. त्यातून फ्रँकलिनच्या घराचा पाया आणि शौचकूप दिसतात. भाच्याचं मत विचाराल तर सबंध फिलाडेल्फियात बघण्यासारखी एवढी एकच गोष्ट आहे.

शेजारच्या टपाल कार्यालयात पत्रावर फ्रँकलिनच्या सहीच्या धर्तीचा शिक्का हाताने मारून देत होते. आईने तिथून पुण्याच्या पत्त्यावर, स्वतःच्याच नावे, एक कार्ड टाकलं. पाचव्या आणि आर्च रस्त्याच्या कोपऱ्यावर ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत फ्रँकलिनची कबर आहे. पै-पैची बचत शिकवणाऱ्या या माणसाच्या कबरीवर लोक एक सेंटचं नाणं टाकतात. गाडी पुलावर आली की गोदावरीत नाणं टाकणाऱ्या आईला याचं काहीच नवल वाटलं नाही; तिने मुलांना नाणी काढून दिली.

फ्रँकलिनच्या बाबतीतही दोन्ही बाजू सांगाव्या लागतात, आणि इथे ते सोपं जातं. त्याच्या घरी गुलाम होते, त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत. तोच माणूस १७८७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० च्या फेब्रुवारीत, मरणाच्या दोन महिने आधी, गुलामगिरी बंद करा असा अर्ज त्याने काँग्रेसकडे पाठवला. म्हातारपणी मत बदलणारा माणूस मुलांना भेटवण्यासारखा असतो.

या सगळ्या परिसरात उन्हाळ्यात ठिकठिकाणी गोष्टी सांगणाऱ्यांची बाकं असतात. बाकावर बसायचं, एक माणूस येऊन चार-पाच मिनिटांत एक गोष्ट सांगतो: कुणी शिपायाची, कुणी हेर बाईची, कुणी पावाच्या भट्टीवाल्याची. उद्यान खात्याची 'ज्युनियर रेंजर' ही योजनाही अशीच. मुलांना एक वही मिळते, त्यात पाहिलेल्या गोष्टींवर प्रश्न सोडवायचे, चित्रं काढायची. वही पूर्ण झाली की रेंजर ती खरोखर तपासतो, उजवा हात वर करून शपथ देतो आणि बिल्ला लावतो. भाच्याला लिहायचा कंटाळा, त्याने सगळीकडे चित्रं काढली. रेंजरने एकेक चित्र बघून "हे काय?" म्हणून विचारलं आणि त्याने नीट सांगितलं. इतिहास विचारला जातो, तेव्हा मुलं तो लक्षात ठेवतात.

मदुराईचा मंडप

दुसऱ्या दिवशी भावाच्या यादीप्रमाणे. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये १९५४ पासून एक अवाढव्य हृदय आहे. रक्ताच्या वाटेने त्याच्या कप्प्याकप्प्यातून मुलं चालत जातात, ठोके ऐकत. कलासंग्रहालयाच्या बहात्तर पायऱ्या १९७६ च्या 'रॉकी' चित्रपटाने जगाला माहीत करून दिल्या. तिथे वयाचा मान न ठेवता सगळेच पळत वर जातात आणि दोन्ही हात उंचावतात. भावाचा फोटो मी काढला.

बहुतेक जण पायऱ्या चढून तसेच परत फिरतात. आत जावं. तिथे मदुराईच्या मदनगोपालस्वामी मंदिराचा सोळाव्या शतकातला आख्खा खांबांचा मंडप आहे. अ‍ॅडेलीन पेपर गिब्सन या फिलाडेल्फियाच्या बाईंनी १९१२ मध्ये मदुराईत हे सुटे पडलेले दगड विकत घेतले. त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये घरच्यांनी ते संग्रहालयाला दिले. मंडपात शिरताना आई दारातच थांबली. चपला काढायच्या की नाही, हे तिला ठरवता येईना. सुरक्षारक्षकाने मानेनेच 'असू द्या' म्हटलं. तिने चपलांसकट, पण हात जोडून पाऊल टाकलं. "देव कुठेय?" भाच्याने विचारलं. "तो मदुराईलाच राहिला," आई म्हणाली.

कॉलेज अव्हेन्यू

आता आईच्या हट्टाबद्दल. तिने श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी शाळकरी वयात वाचली, आणि तेव्हापासून फिलाडेल्फिया म्हणजे तिच्या लेखी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं गाव. वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया १८५० मध्ये सुरू झालं. बायकांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. आनंदीबाईंच्या काळात ते नॉर्थ कॉलेज अव्हेन्यू आणि एकविसाव्या रस्त्यापाशी होतं. १९३० मध्ये ते ईस्ट फॉल्स भागात हललं, पुढे दुसऱ्या संस्थांत मिसळलं. आज त्याचा वारसा आणि दफ्तर ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे. पर्यटकांच्या नकाशात कॉलेज अव्हेन्यू येत नाही. आईला तिथे उभं राहायचं होतं, एवढंच.

नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलेलं, आणि अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये, कलकत्त्याहून एकटीने निघून जूनमध्ये न्यूयॉर्क. तिथून रोझेलच्या कार्पेंटरबाईंचं घर, मग हे शहर. नऊवारीत, शाकाहारी राहून, इथली थंडी. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली तेव्हा आनंदीबाईंना एकविसावं पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी होते. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

भाचीला मी फोनवर तो सुप्रसिद्ध फोटो दाखवला. १८८५ च्या ऑक्टोबरातला. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. "त्यांना ड्रेस कोड नव्हता?" तिने विचारलं. नव्हता. याच संस्थेने १८६७ मध्ये रिबेका कोल या कृष्णवर्णीय तरुणीला डॉक्टर केलं होतं.

आणि या रस्त्याला नाव मिळालं ते जवळच्याच गिरार्ड कॉलेजवरून. ती लांबच लांब दगडी भिंत तिथे उभं राहिलं की टाळता येत नाही. स्टीफन गिरार्ड नावाच्या गडगंज व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून निघालेली ही निवासी शाळा १८४८ मध्ये उघडली. मृत्युपत्रात अट, की प्रवेश फक्त गरीब, गोऱ्या, पोरक्या मुलग्यांना. आजूबाजूची वस्ती कृष्णवर्णीयांची झाली तरी अट तशीच. १९६५ मध्ये लोकांनी महिनोन्महिने भिंतीबाहेर निदर्शनं केली, मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन बोलले, आणि १९६८ मध्ये पहिली कृष्णवर्णीय मुलं आत गेली. जपानच्या, सीरियाच्या, कल्याणच्या मुली जिथे डॉक्टर झाल्या, त्याच रस्त्यावर ही भिंत शंभराहून जास्त वर्षं बंद होती. मुलांना हे सांगायला मला भावाची परवानगी घ्यावी लागली नाही. तोच सांगत होता.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई आल्या होत्या. समुद्र खवळलेला, प्रवास खडतर, आणि बरोबर पाचवं सरत आलेली लेक मनोरमा. मराठी आई लेकराला घेऊन फिलाडेल्फियात उतरते ती ही अशी, १८८६ च्या मार्चमध्ये. समारंभापुरत्या आलेल्या रमाबाई मग दोन वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत राहिल्या. त्यांचं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरचं इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये याच शहरात छापलं गेलं. प्रस्तावना आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांची. त्यातून आणि व्याख्यानांतून जमलेल्या मदतीवर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. बायकांच्या संस्था, शाळा, एकजुटीने कामं करण्याची रीत यांचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि मूळ रहिवाशांची या देशाने काय गत केली, काळ्या माणसांना कसं वागवलं, हेही त्याच पुस्तकात लिहिलं. पाहुणी म्हणून आल्या, मदत घेतली, तरी यजमानाचे दोष झाकायचे नाहीत, असा त्यांचा बाणा.

मुलांना देश दाखवायची ही पद्धत आपल्या भाषेत सव्वाशेहून जास्त वर्षं जुनी आहे, आणि तिला वयाची अट नाही. मुलांना चीटिंग कळतं, पळून जाणारी मुलगी कळते, बंद दार कळतं. मोठी झाली की कळेल म्हणून जे आपण बाजूला ठेवतो, ते बहुतेक वेळा आपल्यालाच सांगता येत नसतं. फिलाडेल्फियाला जाताना बरोबर पाणी, टोपी आणि मऊ बूट घ्यावेत, इंडिपेन्डन्स हॉलची वेळ आधी राखावी, आणि मोठ्यांनी थोडा गृहपाठ करून जावं. प्रश्न मुलं आणतातच.